फूट: पावलापासून फुटेजपर्यंत

इंग्रजीतला फूट म्हणजे घोट्याच्या खालचं पाऊल, वरचा सगळा लेग. आपण कंबरेपासून बोटांपर्यंत सगळ्याला पायच म्हणतो, त्यामुळे हा फरक पटकन लक्षात येत नाही. शब्द खूप जुना आहे, संस्कृत पाद, लॅटिन पेस हे त्याचे सख्खे भाऊबंद, फक्त इंग्रजीच्या घराण्यात मूळच्या 'प'चा 'फ' झाला, पितृ तिकडे फादर तसा पाद तिकडे फूट.

मापाचा फूट कुठल्यातरी इंग्रज राजाच्या पायावरून आला ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण पावलाचं माप रोमन लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. त्यांचं पेस साधारण 29.6 सेंटीमीटरचं, त्याचे 12 भाग, एका भागाला उन्किआ, आणि गंमत म्हणजे इंच आणि औंस हे दोन्ही शब्द त्या उन्किआतूनच आलेत. मला यातली सगळ्यात आवडती हकिगत सोळाव्या शतकातल्या जर्मनीतली. याकोब कोबेल नावाच्या माणसाने जमीन मोजायची रीत लिहून ठेवलीय, रविवारी चर्च सुटलं की बाहेर येणाऱ्यांपैकी 16 पुरुषांना थांबवायचं, उंच-बुटके जसे येतील तसे, सगळ्यांनी डावा पाय एकापुढे एक टाचेला चवडा लावून ठेवायचा, ती लांबी झाली एक काठी आणि तिचा सोळावा हिस्सा म्हणजे फूट. राजाबिजा कोणी नाही, साध्या माणसांची सरळ सरासरी! किती शहाणपणाची पद्धत आहे ही.

तरी प्रत्येक देशाचा फूट वेगळाच राहिला, फ्रान्सचा जुना फूट तर जवळजवळ 32.5 सेंटीमीटरचा. शेवटी 1959 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि आणखी चार देशांनी मिळून 30.48 सेंटीमीटर पक्कं केलं. अमेरिकेत जमीन मोजणीचा जुना फूट मात्र 2022 संपेपर्यंत चालू होता, फरक दहा लाखात फक्त दोन फुटांचा, पण नकाशावरचे आकडेच लाखांत असतात त्यामुळे तोही नडायचा.

मापातूनच फुटेज आलं. सिनेमाची रीळ फुटात मोजायचे, 35 एमएमच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे मिनिटाला 90 फूट. आता रीळ गेली, सगळं मेमरी कार्डावर आलं, तरी सीसीटीव्हीचं फुटेजच म्हणतो आपण.

दुसरी फांदी 'खालचा भाग' या अर्थाची. पानाच्या तळाशी फूटनोट, डोंगराच्या पायथ्याशी फूटहिल. इंग्रजीत बिल भरण्याला बिल 'फूट' करणं म्हणतात, ते पण इथलंच, आकड्यांच्या रकान्याची बेरीज करून खाली लिहायची म्हणजे फूट करायचं, पुढे बेरीज करणारा मागे पडला आणि पैसे भरणाऱ्याला तो शब्द चिकटला.

आणि कवितेतला फूट. ग्रीक लोक ताल धरताना पाऊल उचलायचे आणि टेकवायचे, त्या एका उचल-टेकीत जेवढी अक्षरं बसतात तेवढा एक फूट, साधारण दोन-तीन अक्षरांचा. आपल्याकडे पाद म्हणजे श्लोकाचा चौथा हिस्सा, अनुष्टुभात आठ अक्षरांचा, त्यामुळे इंग्रजी छंद शिकताना फूट म्हणजे आपला चरण असं धरलं की सगळा हिशोब चुकतो.