खुजे तारे, लाल : वर्णपटीय मापन

सूर्याच्या सुमारे ०.०८ ते ०.६ पट वस्तुमानाच्या आणि साधारणतः २,३०० ते ३,९०० केल्विन पृष्ठतापमानाच्या (एम वर्गाच्या) मुख्य क्रमावरील (गाभ्यात हायड्रोजनचे हीलियम करणाऱ्या) ताऱ्यांचे तापमान, त्रिज्या, रासायनिक घटन व चुंबकीय सक्रियता त्यांच्या वर्णपटावरून ठरविण्याची पद्धती. सूर्याच्या शेजारच्या दर चार ताऱ्यांपैकी जवळजवळ तीन तारे या प्रकारचे असूनही त्यांतला एकही सामान्यतः नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटात अखंड पार्श्वभूमीवर बारीक शोषणरेषा असतात. रेषेची खोली व रुंदी त्या पार्श्वभूमीपासून मोजली की मूलद्रव्याचे प्रमाण काढता येते. लाल खुज्या ताऱ्याचे वातावरण इतके थंड असते की त्यात रेणू टिकून राहतात. दृश्य प्रकाशात टिटॅनियम ऑक्साइडाचे व अधिक थंड ताऱ्यांत व्हॅनेडियम ऑक्साइडाचे पट्टे, तर अवरक्तात पाण्याच्या वाफेचे पट्टे अखंड पार्श्वभूमीच झाकून टाकतात. या विषयातील बहुतेक अडचणी व मतभेद यातून उद्भवतात.

इतिहास : पट्टेदार वर्णपटांचा वेगळा गट आंजेलो सेक्की यांनी १८६० नंतरच्या दशकात मांडला. एम हे अक्षर हार्व्हर्ड वेधशाळेच्या वर्गीकरणात आले आणि १९०१ मध्ये ॲनी कॅनन यांनी त्या वर्गीकरणाला जवळजवळ आजचे रूप दिले. हे पट्टे टिटॅनियम ऑक्साइडाचे आहेत, हे आल्फ्रेड फाउलर यांनी १९०४ मध्ये दाखविले. आरंभीचा बहुतेक अभ्यास तेजस्वी राक्षसी ताऱ्यांवर झाला. ज्येष्ठा व काक्षी या ताऱ्यांतही तेच पट्टे दिसतात, म्हणून केवळ टिटॅनियम ऑक्साइडावरून तारा राक्षसी की खुजा हे ठरत नाही. कॅल्शियम हायड्राइडाचे पट्टे व ८१९ नॅनोमीटरजवळची सोडियमची जोडरेषा खुज्या ताऱ्यांत ठळक असते, कारण तेथे पृष्ठगुरुत्व व दाब जास्त असतो. खुज्या ताऱ्यांच्या उपवर्गांची (एम० ते एम९) आज रूढ असलेली मांडणी मुख्यतः कर्कपॅट्रिक, हेन्री व मॅकार्थी यांच्या १९९१ च्या कामावर उभी आहे.

तापमान : पट्ट्यांची खोली निर्देशांकाने मोजतात. सर्वाधिक वापरात असलेल्या टीआयओ-५ (टीआयओ म्हणजे टिटॅनियम ऑक्साइड) निर्देशांकात ७१२.६ ते ७१३.५ नॅनोमीटरमधील प्रकाशाला ७०४.२ ते ७०४.६ नॅनोमीटरमधील प्रकाशाने भागतात. उपवर्ग त्यावरून चांगला ठरतो. पण उपवर्गावरून केल्विनमधील आकड्याकडे जाताना ताऱ्याच्या वातावरणाच्या सैद्धांतिक प्रतिकृतींचा (गणिती नमुन्यांचा) आधार लागतो आणि रेणूंच्या रेषांच्या याद्या अपुऱ्या असतील, तर चूक तापमानात उतरते. व्यतिकरणमापनाने (अनेक दुर्बिणींतला प्रकाश एकत्र आणून केलेल्या मापनाने) हा आधार काही अंशी स्वतंत्र झाला. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथील चारा या दुर्बीणसंचाने जवळच्या काही ताऱ्यांचा कोनीय व्यास थेट मोजला (बोयाजियन व सहकारी, २०१२). व्यास व एकूण प्रकाशप्रवाह कळला, की तापमान प्रतिकृतीवर फारसे विसंबून न राहता निघते. पुढे मान व सहकाऱ्यांनी (२०१५) वर्णपटीय तापमाने या मोजमापांशी जुळवून घेतली. त्यांची अनिश्चितता सुमारे ६० केल्विन मानतात.

धातुप्रमाण (हीलियमहून जड मूलद्रव्यांचे प्रमाण) : हा सर्वांत वादग्रस्त भाग होय. रेषांवरून थेट मोजणी अवघड असल्याने पुढील युक्ती रूढ झाली. सूर्यासारखा तारा व लाल खुजा तारा यांची दूरस्थ जोडी एकाच मेघातून जन्मली असेल, तर दोघांचे घटन सारखे असावे. मोठ्या जोडीदाराचे धातुप्रमाण नेहमीच्या रीतीने काढून ते धाकट्याच्या वर्णपटावर बसवितात. बाँफिस व सहकाऱ्यांनी (२००५) हे प्रथम रंग व तेजस्वितेच्या आधारे केले. जॉन्सन व ॲप्स (२००९) यांना ती मूल्ये पद्धतशीरपणे कमी वाटली, तर श्लॉफमन व लाफलिन (२०१०) यांचे उत्तर या दोहोंच्या दरम्यान पडले. रोहास-आयाला व सहकाऱ्यांनी (२०१०, २०१२) २.२ मायक्रोमीटरजवळच्या सोडियम व कॅल्शियमच्या रेषांकडे लक्ष वळविले. त्याच पट्ट्यातील पाण्याच्या निर्देशांकाने तापमानाचा परिणाम वजा केल्यावर रंग व तेजस्वितेच्या प्रकाशमापनापेक्षा अधिक सुसंगत निकाल मिळाले. आजचे बहुतेक काम याच दिशेने चालते.

तरीही शंका उरते. व्हेयेट व सहकाऱ्यांनी (२०१६) दाखविले, की कार्बन व ऑक्सिजन यांचे गुणोत्तर बदलले तर पाणी व टिटॅनियम ऑक्साइड यांचे प्रमाण बदलते, पट्ट्यांनी झाकलेली आभासी पार्श्वभूमी वर-खाली होते आणि सोडियम तेवढाच असताना रेषा मात्र खोल किंवा उथळ दिसते. म्हणजे सोडियमची रेषा काही अंशी ऑक्सिजनची बातमी देते. जोड्यांवर बसविलेली सूत्रे सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांना चालतात, कारण तेथे ही प्रमाणे एकमेकांबरोबर बदलतात. आकाशगंगेच्या जुन्या ताऱ्यांना ती जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे.

त्रिज्या व वस्तुमान : वस्तुमान वर्णपटातून थेट मिळत नाही, अंतर व अवरक्त तेजस्विता यांवरून ते काढतात. ग्रहणकारी जोडताऱ्यांत मोजलेली त्रिज्या प्रतिकृतींपेक्षा काही टक्के मोठी निघते. चुंबकीय डाग हे त्याचे कारण बहुधा सर्वांत सबळ आहे. चुंबकीय सक्रियता हायड्रोजनच्या एच-आल्फा उत्सर्जनरेषेवरून कळते.

खानदेशातील निरीक्षण : पाटण (ता. चाळीसगाव) येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. ती परंपरा ग्रहगणिताची. ताऱ्याच्या प्रकृतीचे मापन त्या काळी शक्यच नव्हते. पाटणच्या अक्षांशावरून सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा हा लाल खुजा, क्षितिजावर जेमतेम सात अंश चढतो, नंदुरबारहून सहाच. तेथे हवेचा थर डोक्यावरच्या मानाने सुमारे आठपट लागतो आणि पाटणजवळच्या पाटणादेवीच्या दक्षिणेला तर सातमाळा-अजिंठ्याची रांगच उभी आहे. याच प्रकारचा बर्नार्डचा तारा जवळपास ७४ अंश चढतो, पण मध्यरात्री माथ्यावर येतो तो जूनच्या उत्तरार्धात, म्हणजे पावसाळा सुरू झाल्यावर. त्यासाठी एप्रिल-मेची पहाट धरावी लागते. सर्वांत सोयीचा लालांद २११८५ (दृश्यप्रत ७.५; आकडा मोठा तितका तारा मंद) : एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास तो उत्तरेकडे ७५ अंशांवर असतो. लाकाय ८७६० (दृश्यप्रत ६.७) ऑक्टोबरच्या संध्याकाळी दक्षिणेला ३० अंशांवर मिळतो.

अवरक्त मापनाला हा प्रदेश प्रतिकूल आहे. ताऱ्यातल्या पाण्याचे १.४ व १.९ मायक्रोमीटरचे पट्टे तापीच्या खोऱ्यावरील बाष्पाच्या पट्ट्यांतच बुडतात. सुमारे १,१५० मी. उंचीच्या तोरणमाळावर आकाश अंधारे मिळते, बाष्प मात्र पुरेसे कमी होत नाही. म्हणून असे काम लडाखमधील हानले (सुमारे ४,५०० मी.) किंवा उत्तराखंडातील देवस्थळ येथील दुर्बिणींवर चालते. तांबड्या दृश्य प्रकाशाला ही अडचण फारशी नाही. ६८१.४ ते ६८४.६ आणि ६९६ ते ६९९ नॅनोमीटर हे कॅल्शियम हायड्राइडाचे दोन निर्देशांक हवेतील ऑक्सिजनच्या ६८७ नॅनोमीटरपासून सुरू होणाऱ्या पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे येतात. २० सेंमी. व्यासाची दुर्बीण, साधे विवर्तन जालक व डिजिटल कॅमेरा एवढ्या सामग्रीवर लालांद २११८५ चे टिटॅनियम ऑक्साइडाचे पट्टे स्पष्ट उमटतात. काटेकोर निर्देशांकांसाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्लोन व लामोस्ट या सर्वेक्षणांचे खुले वर्णपट वापरणे अधिक श्रेयस्कर. त्यांत लाल खुज्या ताऱ्यांची संख्या प्रचंड आहे आणि टीआयओ-५ काढायला साधा संगणक पुरतो.