मालकी रानाचे पुनरुज्जीवन

खासगी मालकीच्या ज्या जमिनीवर एके काळी जंगल होते आणि तोड, चराई, वणवा किंवा निव्वळ दुर्लक्ष यांमुळे ते खुरटून गेले, त्या जमिनीवर मूळचा झाडोरा पुन्हा उभा राहू देणे व पुढे तो जाणतेपणाने सांभाळणे, असे मालकी रानाच्या पुनरुज्जीवनाचे स्वरूप आहे. खासगी जमिनीवरील झाडे तोडण्याच्या अर्जाला वनखात्यात ‘मालकी प्रकरण’ म्हणतात, त्यावरून अशा रानाला मालकी रान हे नाव सोयीचे ठरते. पुणे जिल्ह्यात अशा जमिनी मुख्यतः मुळशी, मावळ, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे), जुन्नर, आंबेगाव व खेड या पश्चिमेकडील तालुक्यांत आहेत. त्यांची नोंद बहुधा वरकस (हलक्या प्रतीची) किंवा पोटखराब (लागवडीस अयोग्य) अशी असते आणि या शब्दांमुळेच त्या निरुपयोगी आहेत असा समज होतो. तो बरोबर नाही. वरकस जमिनीवरच नाचणी-वरई पिकत असे, गुरे चरत असत आणि भातशेतीला लागणारा राब, म्हणजे वाफ्यावर जाळायचा पाला व डहाळ्या, तिथूनच येत असे.

ही राने कशी खालावली हे समजल्याशिवाय ती सावरता येत नाहीत. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर देऊन ते जाळण्याच्या पद्धतीला राब भाजणे म्हणतात. त्यासाठी ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या गेल्या. तरीही छाटलेले झाड जिवंत राहत असे आणि त्याची मुळे शाबूत असत. खरा घाव कोळशाच्या भट्ट्यांनी घातला. विसाव्या शतकाच्या मध्यावर पानशेतसारख्या धरणांच्या कामांबरोबर डोंगरात रस्ते पोहोचले, धरणात जमीन गेलेली कुटुंबे वरच्या उतारांवर सरकली आणि त्यांच्या मालकीची मोठी झाडे कोळशाच्या व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने घेतली. अलीकडच्या काळात पुणेकरांनी फार्महाऊससाठी घेतलेल्या जमिनींची अवस्था निराळी आहे. तिथे तोड थांबलेली असते, पण राखणारे कोणी नसते, आणि दर उन्हाळ्यात वणवा येऊन जातो.

रान कोणत्या रूपाकडे न्यायचे, हे पाऊस ठरवतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिमी. पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला असलेल्या पुणे शहरात तो सुमारे ७०० मिमी.वर येतो. त्यामुळे थोड्याच अंतरात जंगल पूर्ण बदलते. घाटमाथ्यावर अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे सदाहरित रान असते. त्याच्या पूर्वेला ऐन, किंजळ, नाणा, हेद, कुंभा, वारस यांचे पानगळीचे. आणि आणखी पुढे धावडा, खैर, मोई, पळस यांचे कोरडे, उघडे रान लागते. आपल्या जमिनीजवळची देवराई हा याबाबत सर्वांत विश्वसनीय दाखला होय. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांवरून नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली या लहान तुकड्यांत टिकून असल्याचे स्पष्ट झाले. भीमाशंकरची राई सर्वांना माहीत असते, परंतु गावोगावच्या लहान राया या कामाला अधिक उपयोगी पडतात, कारण त्या त्याच मातीत व त्याच पावसात वाढलेल्या असतात. याउलट बारामती, दौंड, इंदापूर या पूर्वेकडील तालुक्यांतील माळराने ही बिघडलेली जंगले नव्हेत. ती लांडगा, खोकड व चिंकारा यांची घरे आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठीच राखलेले आहे. तिथे खड्डे खणून झाडे लावणे हे पुनरुज्जीवन नसून नुकसान आहे.

काम सुरू करण्यापूर्वी कागदपत्रे पाहणे आवश्यक असते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अंमलात आला आणि त्याच्या व्याख्येत बसणारी खासगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. त्यामुळे काही सातबारांवर आजही ‘वन’ असा शेरा आढळतो. तसा शेरा असल्यास कोणतेही काम वनविभागाच्या संमतीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हळदू, अंजन, जांभूळ इत्यादी झाडे असून स्वतःच्या जमिनीवरही ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) व सुबाभूळ या अनुसूचीत नाहीत.

प्रत्यक्ष कामाचा पाया म्हणजे राखण. उघड्या दिसणाऱ्या उतारावर गुडघाभर झुडपे असतात. ती नीट पाहिली तर त्यांतली बरीचशी झुडपे नसून जुन्या ऐन-किंजळांचे खुंट असतात, जे दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी जळतात किंवा खाल्ले जातात. त्यांची मुळे पिकल्या वयाची व खोल असल्यामुळे चराई व वणवा थांबताच दोन-तीन पावसाळ्यांत फुटवे माणसाच्या डोक्यावर जातात. नव्याने लावलेल्या रोपाला ही उंची गाठण्यास याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून पहिली दोन वर्षे एकही झाड न लावता केवळ रान राखावे आणि काय उगवते ते पाहावे, हा सल्ला मालकाला अनेकदा निराशाजनक वाटला तरी तोच योग्य आहे. त्याच कारणाने सरसकट यंत्र फिरवून समपातळी चर (उताराला आडवे, एकाच उंचीवरचे चर) खणणे टाळावे. चर उघड्या, धूप होणाऱ्या माळावर उपयोगी असतात. जिथे जमिनीखाली जिवंत खुंट आहेत तिथे यंत्राचा फाळ तेच उपटून काढतो. ओहोळांवर हाताने रचलेले अनगड दगडी बांध मात्र बहुतेक ठिकाणी हितकारक ठरतात.

वणव्याचा काळ साधारणतः फेब्रुवारी ते मे असा असतो. कुसळीसारखे उंच गवत वाळले की एका ठिणगीने डोंगर पेटतो. जाड सालीचा ऐन अशा आगीतून वाचतो, पण पातळ सालीच्या अंजनाची व जांभळाची रोपे मरतात. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या रानात झाडे कमी होतात इतकेच नव्हे, तर सदाहरित जाती क्रमाने नाहीशा होऊन केवळ आग सोसणाऱ्या जाती उरतात. उपाय म्हणून जमिनीच्या कडेने, विशेषतः रस्त्याच्या व खालच्या उताराच्या बाजूने, किमान तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, जानेवारीअखेर साफ करतात. दिवाळीनंतर गवत कापून नेण्याची मुभा शेजारच्या शेतकऱ्यांना दिली, तर त्यांना वैरण मिळते आणि रानातील इंधन कमी होते. या मुभेचे मोल तारेच्या कुंपणापेक्षा अधिक आहे. देवळाची पायवाट, पाणवठा व वाळक्या फाट्याची मोळी यांवर आजवर हक्काने वावरलेल्या कातकरी, महादेव कोळी किंवा धनगर कुटुंबांना एका दिवसात बाहेर ठेवले, तर रानाला राखणदार उरत नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी निवडीचे काम येते. एका खुंटावर आलेल्या आठ-दहा फुटव्यांपैकी जमिनीलगत फुटलेले, सरळ असे एक-दोन ठेवून उरलेले हिवाळ्यात धारदार कोयत्याने कापतात. बुंध्यावर उंच फुटलेला फुटवा पुढे वाऱ्याने मोडतो, म्हणून तो ठेवत नाहीत. करवंदीच्या जाळ्या कधीही साफ करू नयेत. शेळ्यांच्या तोंडापासून सुरक्षित राहिलेली जांभूळ, आटक, अंजन यांची रोपे त्या काट्यांतच सापडतात. गारंबीसारख्या मोठ्या वेली सरसकट तोडण्याची रूढी चुकीची आहे. कोवळ्या झाडाचा शेंडा दाबणारी वेल तेवढी काढावी. उभे वठलेले झाड तसेच राहू द्यावे, कारण सुतार व तांबट त्यात ढोली कोरतात आणि मोठ्या ढोल्यांत धनेश घरटे करतो. उंबर, पायर, नांद्रुक यांचे एखादे मोठे झाड असेल, तर त्याच्याखाली येणारी रोपे जपावीत. फळांसाठी आलेले पक्षी दूरच्या राईतले बी तिथे टाकत असतात. घाटमाथ्याजवळ कारवीचे दाट रान बाकीच्या रोपांना उजेड मिळू देत नाही, परंतु सुमारे सात वर्षांनी ती एकदम फुलते, बी धरते आणि मरते. तो मोकळा झालेला उजेड झाडांच्या रोपांना मिळतो. मात्र वाळलेली कारवी भयंकर पेटत असल्याने त्या वर्षी जाळरेषेकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते.

परकीय वनस्पतींपैकी घाणेरी, रानमोडी व गिरिपुष्प यांचा उपद्रव सर्वाधिक आहे. घाणेरी वरून कापली की अधिक जोमाने फुटते, म्हणून तिचे मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंमी.वर तोडून झुडूप उलटे टाकतात आणि पुढील दोन-तीन पावसाळ्यांत नवी रोपे उपटतात. मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाची लागवड पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर झाली, कारण ते खडकाळ जमिनीत तगते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ते एकदम तोडू नये. त्याच्या सावलीत देशी रोपे रुजली असतील, तर त्यांच्यावरचा तेवढा भाग विरळ करून पाला तिथेच आच्छादन म्हणून पसरावा आणि काही वर्षांत टप्प्याटप्प्याने ते मागे हटवावे.

लागवड सर्वांत शेवटी येते, आणि ती फक्त ज्या जाती आपोआप येण्याची शक्यता उरलेली नाही त्यांचीच करावी. बी जवळच्या राईतून, परवानगीने व थोडे घ्यावे. जांभळाचे बी काही आठवड्यांतच उगवण्याची शक्ती गमावते, म्हणून ते लगेच पेरतात. बहाव्याच्या कठीण बियांचे कवच घासल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. प्रत्येक चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची मियावाकी पद्धत शहरातील मोकळ्या कोपऱ्याला शोभते, परंतु जिवंत खुंट असलेल्या उतारावर ती अनावश्यक व खर्चिक आहे.

प्रगती मोजण्यासाठी १० मी. × १० मी.चे काही चौकोन कायमचे आखून त्यांतील प्रत्येक झाडाची जात व छातीच्या उंचीवरील घेर दरवर्षी पावसाळ्यानंतर नोंदवतात, आणि ठरावीक दगडावर उभे राहून त्याच दिशेचे छायाचित्र घेतात. मध्यम पावसाच्या पट्ट्यात सावली एकमेकींना मिळाली की कुसळी मागे हटते, पाचोळा जमिनीवर टिकू लागतो, आणि त्या पाचोळ्यात अंजनाचे पहिले आपोआप आलेले रोप दिसते. ते रोप पुढच्या उन्हाळ्यातही हिरवे राहिले, तर जाळरेषा वगळता त्या तुकड्यातील बाकी कामे थांबवतात.