हिंगाच्या डबीतला गहू आणि ३३ मण्यांची माळ

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीने एक व्हिडिओ टाकला. एक बाई कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत बसलीय, पांढरं पाणी वाहून जातंय, आणि शेवटी हातात च्युइंगगमसारखा एक लिबलिबीत गोळा उरतो, मग मागून गंभीर आवाज येतो की 'हेच रोज तुमच्या आतड्यांना चिकटतंय'. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. काकांनी तर आजपासून पोळी बंद असं जाहीरच करून टाकलं (संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, ती मैद्याची असतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही).

प्रयोग खरा आहे बरं का. मीही ओट्यापाशी उभा राहून करून पाहिला, दहा मिनिटं चोळल्यावर गोळा अर्ध्याहून लहान झाला. पांढरं पाणी म्हणजे स्टार्च, आणि उरलं ते ग्लूटेन. त्यात मुख्यतः दोन प्रकारची प्रोटीन्स, ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन. एकामुळे कणीक ताणली जाते, दुसऱ्यामुळे ती परत आखडते, म्हणून पुरणपोळी पुरण पोटात घेऊनही फाटत नाही आणि ज्वारीची भाकरी मात्र थापावी लागते. पण पोटात ॲसिड आणि पाचकरस यांच्या तावडीत सापडल्यावर हा चिकटपणा टिकत नाही, डिंकासारखं आतड्याला चिकटून बसणं वगैरे काही होत नाही. मजा म्हणजे ग्लूटेनचा खरा प्रॉब्लेम त्या व्हिडिओपेक्षा कितीतरी भारी आहे, फक्त तो सगळ्यांना होत नाही.

आधी एक गोंधळ निस्तरून घेऊ. 'मला गहू चालत नाही' या एका वाक्यामागे तीन वेगळे आजार असू शकतात. गव्हाची ॲलर्जी असेल तर आयजीई नावाच्या अँटिबॉडीज कामाला लागतात आणि काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, कधीकधी श्वासही अडकतो. दुसरा प्रकार म्हणजे गहू खाल्ला की पोट फुगतं पण टेस्टमध्ये काही सापडत नाही, यात बऱ्याचदा दोष ग्लूटेनचा नसून फ्रुक्टान नावाच्या कार्बोहायड्रेटचा असतो, आणि ते कांद्या-लसणातही असतं. आणि तिसरा सिलिअ‍ॅक. हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते, तेही सावकाश, महिनोन्महिने, आवाज न करता. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हेही आतड्यातल्या भडकलेल्या प्रतिकारशक्तीचेच आजार, पण त्यांचं नेमकं कारण एका पदार्थावर बोट ठेवून सांगता येत नाही. सिलिअ‍ॅकचं सांगता येतं, म्हणून तर मला हा आजार (वाचायला) इतका आवडतो.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. हेगमधल्या हॉस्पिटलात पोट फुगलेली, हातापायाच्या काड्या झालेली मुलं त्याच्याकडे यायची. गव्हावर त्याचा संशय युद्धाच्या आधीपासूनच होता. मग १९४४-४५ चा तो भयंकर उपासमारीचा हिवाळा आला, हॉलंडमध्ये लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, ब्रेड मिळेना, आणि या आजारी मुलांची तब्येत मात्र सुधारली. ब्रेड परत आल्यावर ती पुन्हा ढासळली. १९५० साली त्याने उट्रेख्त विद्यापीठात यावरच प्रबंध सादर केला. त्याआधी अमेरिकेत अशा मुलांना ढिगाने केळी खायला घालायचे आणि ती सुधारायचीही, कारण केळी खाण्याच्या नादात ब्रेड सुटायचा, पण श्रेय सगळं केळ्याला.

आता माझा आवडता भाग, इथे थोडं सावकाश वाचा.

प्रोटीन म्हणजे अमायनो ॲसिडच्या मण्यांची माळ आणि पचन म्हणजे ती माळ तोडून मणी सुटे करणं, हे शाळेत झालंय. आता ग्लायाडिनमध्ये प्रोलीन नावाचा मणी खच्चून भरलेला असतो आणि तो वाकडा असतो, म्हणजे माळेला तिथे असा काही पीळ बसतो की आपल्या एन्झाइमच्या कात्रीला नीट पकडच मिळत नाही. २००२ साली स्टॅनफर्डमध्ये चैतन खोसला (हे आपल्या आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पोटातले आणि आतड्यातले सगळे पाचकरस लावले तरी ३३ मण्यांचा एक तुकडा तसाच्या तसा उरतो. त्या ३३ पैकी १३ प्रोलीन आहेत आणि १० ग्लुटामिन. हा अख्खा तुकडा तुमच्या-माझ्याही आतड्यात तयार होतो, आज दुपारी पोळी खाल्ली असेल तर आत्ताही असेल, आणि आपलं काहीही बिघडत नाही.

बिघडतं ते आपल्याच एका एन्झाइममुळे. त्याचं नाव टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, पुढे नुसतं टीटीजी म्हणू. याचा धंदा खरं तर रफूवाल्याचा, जखम झाली की प्रोटीन्स एकमेकांना शिवायची. शिवताना ते ग्लुटामिन पकडतं. पण शिवायला जोडीदार मिळाला नाही तर ते त्या ग्लुटामिनचं ग्लुटामिक ॲसिड करून सोडून देतं. फरक कागदावर अगदी क्षुल्लक, पण त्या मण्यावर आता ऋण विद्युतभार आला. आणि कुठलं ग्लुटामिन पकडायचं हे टीटीजी कसं ठरवतं माहितीये? ग्लुटामिन, मग कुठलाही एक मणी, मग प्रोलीन, हा पॅटर्न त्याला फार आवडतो. म्हणजे ज्या प्रोलीनने माळेला कात्रीपासून वाचवलं तोच प्रोलीन टीटीजीला 'इथे ये' म्हणून खूण करतो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं, तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.

आता तो भार महत्त्वाचा का? आपल्या काही पेशी प्रोटीनचे तुकडे एका छोट्या ताटलीत ठेवून टी-पेशींना (या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी) दाखवत फिरतात, 'ओळखतोस का याला?' ही ताटली म्हणजे एचएलए, आणि तिचे प्रकार आईवडिलांकडून येतात. सिलिअ‍ॅकच्या जवळजवळ सगळ्या पेशंटांमध्ये डीक्यू२ किंवा डीक्यू८ हा प्रकार सापडतो. या ताटल्यांमधल्या खोबणीला ऋणभार असलेले मणी आवडतात. साधा तुकडा तिथे सैल बसतो आणि निसटतो, टीटीजीने हात लावलेला तुकडा मात्र घट्ट बसतो. टी-पेशी तो बघते, शत्रू समजते, आणि आरडाओरडा सुरू.

पण एक कोडं उरतं. या पेशंटांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडतात त्या गव्हाविरुद्ध तर असतातच, पण टीटीजीविरुद्धही असतात, म्हणजे स्वतःच्याच रफूवाल्याविरुद्ध (हे १९९७ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी शोधलं आणि आजची रक्ताची टेस्ट त्यावरच उभी आहे). त्याचं काय कारण? तर टीटीजी तुकडा शिवताना कधी कधी स्वतःलाच त्याला शिवून घेतं. मग टीटीजी ओळखणारी बी-पेशी (अँटिबॉडीज बनवणं हे हिचं काम) ती जोडगोळी गिळते, आत फोडते आणि ताटलीत वाढते तो तुकडा मात्र गव्हाचा. गव्हावर चिडलेली टी-पेशी येते, तुकडा बघून बी-पेशीला शाबासकी देते, आणि बी-पेशी अँटिबॉडीज सोडते त्या टीटीजीवर. पत्ता एकाचा, कुरिअर दुसऱ्याच्या घरी. म्हणूनच गहू बंद केला की महिन्यागणिक या अँटिबॉडीजही उतरत जातात, चिडवणाराच गेला ना. (इथवर डोकं गरगरलं असेल तर हरकत नाही, पुढचं सोपं आहे.)

या सगळ्या मारामारीत जातात ते आतड्यातले विलाय, मखमलीसारखे जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे कोंब. त्यांच्यामुळे लहान आतड्याला आतून साधारण ३० चौरस मीटर जागा मिळते. ते झडून आतडं सपाट झालं की लोह, कॅल्शियम, काहीच नीट शोषलं जात नाही.

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी अशीच. वर्गात सगळ्यात बुटकी, हिमोग्लोबिन सात, लोहाच्या गोळ्यांचे डबेच्या डबे संपले. आजीने दृष्ट काढली, मीठमोहऱ्या ओवाळल्या, एका बुवाकडून ताईत आला, कुणीतरी केसाचा नमुना घेऊन दोनशे पदार्थांची 'इनटॉलरन्स टेस्ट' करणाऱ्याला सात हजार दिले, त्यात तिला म्हणे पेरू आणि पडवळ चालत नाही. शेवटी एका डॉक्टरने साधी टीटीजी टेस्ट लिहून दिली, नंतर एंडोस्कोपी करून बायोप्सी, आणि निदान झालं. एक लक्षात ठेवा, शंका असेल तर टेस्टच्या आधी गहू बंद करू नका, अँटिबॉडीज उतरतात आणि टेस्ट खोटीच नॉर्मल येते.

आणि हो, हा गोऱ्यांचा आजार हेही खरं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या पाहणीत रक्तात सिलिअ‍ॅकच्या अँटिबॉडीज सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १०० मागे १.२३ तर दक्षिणेत ०.१० इतकं आलं. डीक्यू२-डीक्यू८च्या ताटल्या दोन्हीकडे साधारण सारख्याच, तीनातल्या एकाकडे. गव्हाचं रोजचं खाणं मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत २५. हिशोब लागला असं वाटतं ना? पण ईशान्य भारतात गहू फक्त ३७ ग्रॅम आणि अँटिबॉडीजचं प्रमाण तरी ०.८७. म्हणजे नुसत्या पोळीवर खापर फोडून भागत नाही.

बाकी ज्याला सिलिअ‍ॅक नाही त्याने ग्लूटेन-फ्रीच्या मागे धावायचं काही कारण मला दिसत नाही. परवा पोह्यांच्या पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापलेलं पाहिलं, म्हणजे नारळावर 'बिनहाडाचा' लिहिण्यासारखं. आणि खपली गहू पचायला हलका म्हणून सिलिअ‍ॅकवाल्यांना चालतो असं सांगणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे.

ज्याला आहे त्याच्यासाठी मात्र हे आयुष्यभराचं काम. त्या मुलीच्या आईने डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली तेव्हा कळलं की डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू, भाजणीत गहू. गिरणीत 'ज्वारीवर ज्वारी टाका' असं किती सांगितलं तरी आधीचं गव्हाचं पीठ जात्यात असतंच, म्हणून शेवटी घरघंटी घेतली. दीड वर्षात पोरीची उंची चांगली वाढली, हिमोग्लोबिन बारावर गेलं. आता ती एकादशीची वाट बघते, त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगमध्ये वरईचे तांदूळ नि दाण्याची आमटी असते, आमटीत हिंगसुद्धा नसतो, आणि कुणाच्याही दारात जाऊन ती फक्त एवढंच विचारते, 'काकू, राजगिऱ्याचं पीठ कुठे दळलंत?'