पेट्रा की एक्सलंट? पानाची कड पाहावी

क्रोटन म्हणजे काय, हे रंगीबेरंगी पानांचे शोभेचे झाड कसे असते, हे बडोद्यातल्या कुंड्या सांभाळणाऱ्या घरांना सांगावे लागत नाही. अकॅलिफाला, म्हणजे रंगीत पानांच्याच दुसऱ्या एका शोभेच्या झाडाला, क्रोटन समजणाऱ्यांनी पानाचा पातळपणा आणि काठावरचे दाते पाहिले, की तो प्रश्न मिटतो. वनस्पतिशास्त्रातला क्रोटन हा वंश जमालगोट्याचा असून आपले शोभेचे झाड कोडिएम वंशातले आहे, हेही एका वाक्यात आटोपण्याजोगे.

खरा घोळ क्रोटनच्या पेट्रा आणि एक्सलंट या दोन वाणांत होतो, आणि त्याला कारण म्हणजे रंगावरून नाव ठरवण्याची आपली सवय. रोपवाटिकेत ‘जास्त लाल तो एक्सलंट, पिवळ्या शिरांचा तो पेट्रा’ असे ठामपणे सांगितले जाते, तेव्हा मला राहवत नाही. दोन्हींची कोवळी पाने हिरवी-पिवळी असतात आणि जून होताना नारिंगी, लाल होत जातात, त्यामुळे एकाच झाडाच्या शेंड्याला एक रंग आणि बुंध्याजवळ दुसरा दिसतो. त्यात उजेडाची भर पडते. पेट्राच्या एकाच झाडाची दोन गुटी कलमे, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडून वेगळी केलेली रोपे, मी केली होती; सकाळचे ऊन मिळणाऱ्या गच्चीतले तांबडे झाले, उत्तरेच्या खिडकीतले जवळजवळ हिरवेच राहिले, आणि घरी येणारा प्रत्येक जण ते दोन वेगळे वाण असल्याचे आजही मला पटवून देतो.

बदलत नाही ती पानाची बाह्यरेषा. पेट्राचे पान रुंद, लांबट अंडाकृती असते आणि त्याची कड देठापासून टोकापर्यंत सलग जाते. एक्सलंटच्या पानाला दोन्ही बाजूंनी खोल खाचा असतात, त्यामुळे पान कंबरेत आवळून वर तीन भागांत फुटल्यासारखे दिसते. त्याची मागची बाजूही गडद तांबडी असते, पण निवाडा कडेवरूनच करावा. मात्र एकच पान पाहून निर्णय देऊ नये, कारण अगदी लहान रोपाच्या खालच्या पानांत खाचा अस्पष्ट असू शकतात. मधल्या उंचीची चार-पाच पूर्ण वाढलेली पाने पाहावीत.

मी स्वतः पेट्राच घेईन, कारण जाड शिरांची ती सलग नक्षी खाचांनी तुटलेली मला रुचत नाही. वाण निश्चित हवा असेल, तर मात्र बियांपासून केलेले रोप घेऊ नये. क्रोटनची बी मूळ झाडासारखेच रोप देईल याचा भरवसा नसतो, म्हणून ओळख पटलेल्या झाडाचे छाट कलम (फांदीचा तुकडा लावून केलेले रोप) किंवा गुटी कलमच मागावे.