सिलिंडर हेड व कॅमशाफ्टची निवड

मोटारगाडीच्या चार-स्ट्रोक इंजिनाची शक्ती वाढवूनही ते रोज रस्त्यावर चालवता यावे, यासाठी हेड (सिलिंडरांवर बसणारे झाकण) आणि कॅमशाफ्ट (उंचवट्यांनी व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा फिरता दांडा) यांची जुळणी ठरवण्याचे तंत्र. हवा किती जाऊ शकेल हे हेडमधील पोर्ट (हवेचे मार्ग) व व्हॉल्व्ह ठरवतात. ती केव्हा आणि किती वेळ जाईल हे कॅमशाफ्ट ठरवतो. बाजारात हे भाग वेगवेगळे मिळत असले तरी निवड एकच मानावी लागते. हे तंत्र मुख्यतः पुशरॉडच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) अमेरिकन व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या) इंजिनांवर विकसित झाले. पुढील आकडेही, वेगळा उल्लेख नसल्यास, सुमारे ५.७ लिटरच्या अशा इंजिनांचे आहेत.

इतिहास : कॅमचे तत्त्व इंजिनाहून पुष्कळ जुने आहे. अल्-जझरी यांच्या १२०६ च्या ग्रंथात कॅम बसवलेल्या फिरत्या दांड्याचे वर्णन आढळते. इंजिनाच्या बाबतीत अधिक चर्चा झाली ती १९१२ च्या प्यूजो शर्यतगाडीची. दिएप येथील फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या या गाडीच्या ७.६ लिटर इंजिनात हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. या रचनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. स्विस अभियंते एर्नेस्ट आंरी यांना श्रेय देण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या मतानुसार कल्पना ब्वायो, गू आणि झुकारेल्ली या शर्यतचालकांची होती व आंरी हे केवळ आरेखक होते. झुकारेल्ली पूर्वी हिस्पानो-सुइझाशी संबंधित असल्याने तेथील मार्क बिर्किग्ट यांच्या कामाची छाया त्यात पाहणारा तिसरा पक्षही आहे. चालकांनी अपेक्षा मांडली आणि आंरी यांनी तिला आकार दिला, हे मधले मत अधिक संभवनीय वाटते.

हौशी मंडळींच्या हातात मात्र दीर्घकाळ एकच कॅमशाफ्ट असलेली इंजिने होती. फोर्डच्या १९३२ च्या व्ही-८ मध्ये व्हॉल्व्ह व पोर्ट दोन्ही ब्लॉकमध्ये असत. त्यामुळे हेड बदलून संपीडन वाढे, पण हवेचा मार्ग तोच राही. कॅलिफोर्नियात एड विनफील्ड आणि पुढे एड इस्केंडेरियन यांची ख्याती झाली ती कॅम घासून नवा आकार देण्यात, हे या पार्श्वभूमीवर स्वाभाविक होते. झोरा आर्कुस-डुन्टॉव्ह यांनी भावासह तयार केलेल्या ‘आर्डुन’ हेडने याच फोर्ड इंजिनाचे व्हॉल्व्ह वर नेले. शेव्हरलेचे छोटे व्ही-८ १९५५ मध्ये आल्यावर पोर्ट असलेले हेड सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. दोन्ही भाग एकत्र निवडण्याची प्रथा रुळली ती त्यानंतर, असे मानण्यास जागा आहे.

हेड : पोर्टचे घनफळ मोठे म्हणजे हेड चांगले, ही समजूत रस्त्यावरच्या इंजिनाला मारक ठरते. मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग कमी होतो आणि इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या असताना सिलिंडर नीट भरत नाही. या आकाराच्या इंजिनाला साधारण १७० ते १९५ घन सेंमी.चा इनटेक (हवा आत घेणारा) पोर्ट पुरतो. हेडची क्षमता फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) बहुधा २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला मोजतात. ढोबळ नियमानुसार दर सिलिंडरला मिनिटाला २०० घनफूट हवा देणारे हेड आठ सिलिंडरांत सुमारे ४१० अश्वशक्तीपर्यंत पोचू शकते, अर्थात बाकी सारे जुळले तर. जाहिरातीत कमाल लिफ्टचा (व्हॉल्व्ह सर्वाधिक उचलला असतानाच्या प्रवाहाचा) आकडा ठळक छापतात. पण व्हॉल्व्ह कमाल उंची एकदाच गाठतो आणि मधल्या उंचीवरून उघडताना व मिटताना दोनदा जातो. म्हणून मधल्या लिफ्टचे आकडे अधिक बोलके असतात.

पिस्टन आणि हेडचा सपाट भाग यांतील फट सुमारे १ मिमी. ठेवल्यास मिश्रण घुसळले जाते व नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, ठोके देत पेटणे) आवरते. ॲल्युमिनियमच्या हेडला बिडाच्या हेडपेक्षा जास्त संपीडन चालते, असे सर्रास म्हटले जाते. त्याचे श्रेय धातूच्या उष्णतावहनाला द्यावे की ॲल्युमिनियम हेडमधील दहनकक्षाच्या नव्या आकाराला, यावर एकमत नाही. दुसऱ्या कारणाचे वजन दुर्लक्षिले जाते, असे दिसते.

कॅमशाफ्ट : कॅटलॉगमध्ये व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कालावधी दोन प्रकारे दिलेला असतो. जाहिरातीचा कालावधी प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीच्या लिफ्टपासून मोजतो. टॅपेट (कॅमवर टेकून उचलला जाणारा भाग) १.२७ मिमी. (०.०५० इंच) उचलल्यापासूनचा कालावधी मात्र तुलनेस योग्य असतो. या मापाने रस्त्यावरच्या इंजिनांचे कॅम साधारण क्रँकच्या २१० ते २३५ अंशांत बसतात. मोठ्या घनफळाच्या इंजिनात तोच कॅम सौम्य भासतो.

इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडणे व मिटणे या चार घटनांपैकी सर्वांत निर्णायक घटना म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याची वेळ. पिस्टन तळ गाठून वर निघाल्यावरही हा व्हॉल्व्ह उघडा असतो. जास्त फेऱ्यांवर आत येणाऱ्या हवेचा जोर टिकून सिलिंडर भरत राहतो. कमी फेऱ्यांवर आत आलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये (हेडकडे हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलली जाते. समजा, जाहिरातीचा कालावधी २७० अंश, इनटेकची मध्यरेषा (व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडण्याची जागा) पिस्टनच्या वरच्या बिंदूनंतर १०६ अंशांवर आणि लोब-अंतर (इनटेक व एक्झॉस्टच्या लोब म्हणजे कॅम-उंचवट्यांच्या शिखरांतील कोन) ११० अंश आहे. मग इनटेक तळबिंदूनंतर ६१ अंशांनी मिटतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा ओव्हरलॅप ५० अंश येतो. स्ट्रोक ८८.४ मिमी., कनेक्टिंग रॉड १४४.८ मिमी. आणि छापील संपीडन गुणोत्तर १०:१ असल्यास प्रत्यक्ष गुणोत्तर सुमारे ८.२ भरते. इनटेक आणखी १० अंश उशिरा मिटल्यास तेच ७.६ वर उतरते. मोठा कॅम बसवल्यावर गाडी सिग्नलवरून सुस्त निघते, ती मुख्यतः यामुळे. गुणोत्तर न वाढवता कॅम वाढवणे ही या क्षेत्रातील सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणावी लागेल.

लोब-अंतर कमी केल्यास मध्यम फेऱ्यांवरील टॉर्क वाढतो, पण आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ चाल) खडबडीत होते, मॅनिफोल्डमधील निर्वात घटतो आणि त्यावर चालणारा ब्रेक बूस्टर अपुरा पडतो. अंतर किती असावे याबद्दल कॅम घासणाऱ्यांत दोन संप्रदाय आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि पॉवर ब्रेक असल्यास ११० ते ११२ अंशांचा सावध पर्याय श्रेयस्कर.

जुळणीतील मर्यादा : कागदावर जमलेली जोडी प्रत्यक्षात अडते ती बहुधा मोकळ्या जागेवर. शेव्हरलेचे १९९६ चे ‘व्होर्टेक’ हेड ६४ घन सेंमी. दहनकक्ष आणि उत्तम प्रवाहामुळे लोकप्रिय झाले, पण मूळ अवस्थेत सुमारे १२ मिमी. लिफ्टपुढे रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरणारी चकती) गाईडला (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीला) भिडू लागतो. पिस्टनपासून इनटेक व्हॉल्व्ह किमान २ मिमी. आणि एक्झॉस्ट २.५ मिमी. दूर राहावा, असा संकेत आहे. ही फट पिस्टनवर मळलेली माती ठेवून, क्रँक हाताने फिरवून तपासतात. ती सर्वांत कमी होते ती पिस्टन अगदी वर असताना नव्हे, तर त्याच्या आगेमागे दहाएक अंशांवर. स्प्रिंग कॅमच्याच शिफारशीच्या घ्याव्यात.

सपाट टॅपेटचा लोब किंचित निमुळता आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की लोब झिजतो. म्हणून असे नवे इंजिन आयडलवर न ठेवता पहिली वीस ते तीस मिनिटे २,००० फेऱ्यांच्या वर चालवतात व तेलात झिंक-फॉस्फरसचे पुरेसे प्रमाण पाहतात. रोलर टॅपेटला ही काळजी लागत नाही. शेव्हरलेने छोट्या व्ही-८ मध्ये ते १९८७ पासून वापरले.

व्हॉल्व्हची वेळ चालत्या इंजिनात बदलण्याची सोय आल्फा रोमिओने १९८० मध्ये आणि, लिफ्टसह, होंडाने १९८९ मध्ये उत्पादनात आणली. अशा इंजिनात कॅम बदलताना फेजरची (कॅमची वेळ पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेची) हालचाल मर्यादित करावी लागते, अन्यथा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो.