जन्मदिन प्रश्न

जन्मदिन प्रश्न : संभाव्यताशास्त्रातील एक प्रसिद्ध कोडे. समूहातील किमान दोघांचा जन्मदिन (तारीख व महिना; वर्ष नव्हे) एकच असण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक होण्यास किमान किती व्यक्ती लागतात? उत्तर २३.

प्रश्नाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. गणितज्ञ रिखार्ट फोन मीझेस यांनी त्याचे एक रूप १९३९ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून श्रेय सहसा त्यांना दिले जाते. मात्र ब्रिटिश गणितज्ञ हॅरल्ड डॅव्हनपोर्ट यांना तो १९२७ च्या सुमारास ठाऊक होता, असे सांगतात. त्यांनी तो छापला नाही; इतका साधा प्रश्न आधी कोणालाच सुचला नसेल हे न पटल्याने जनकत्वावर हक्कही सांगितला नाही. प्रथम प्रकाशन मीझेस यांचे, पण तोंडी प्रसार त्यापूर्वीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

वर्षाचे ३६५ दिवस समसंभाव्य मानून आधी सर्वांचे जन्मदिन वेगळे असण्याची संभाव्यता काढतात : (३६५/३६५) × (३६४/३६५) × … × (३४३/३६५) ≈ ०.४९३. ती १ मधून वजा केली की ०.५०७ उरते. २२ व्यक्तींना हीच किंमत ०.४७६, तर ५७ व्यक्तींना ०.९९ येते. २३ जणांच्या २५३ जोड्या होतात, यातच उत्तराचे मर्म आहे. पण २५३/३६५ = ०.६९ ही संभाव्यता समजणे चूक. ती जुळणाऱ्या जोड्यांची सरासरी संख्या होय. २८ व्यक्तींना ती १ च्या पुढे जाते, संभाव्यता कधीच जात नाही. ‘माझ्याच’ जन्मदिनाशी जुळणारे कोणी हवे असेल, तर निम्म्याहून अधिक संभाव्यतेसाठी माझ्याखेरीज २५३ व्यक्ती लागतात. बहुतेकांचा गोंधळ या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून होतो. प्रत्यक्षात जन्म वर्षभर सारखे विखुरलेले नसतात, त्यामुळे जुळण्याची संभाव्यता किंचित वाढते. २९ फेब्रुवारी धरूनही उत्तर २३ च राहते.

संगणकशास्त्रात या प्रश्नाला मोठे व्यावहारिक मोल आहे. N शक्यतांतून यादृच्छिक निवड केल्यास साधारण १.१८√N निवडींनंतर टक्कर होण्याची (एकच शक्यता दोनदा निवडली जाण्याची) संभाव्यता निम्मी होते. सहा अंकी क्रमांक दहा लाख असले, तरी यादृच्छिक वाटपात सुमारे १,१८० क्रमांकांतच ही पातळी गाठली जाते. ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) ओळखक्रमांकांत सुमारे ७७,००० नोंदींत. म्हणून असे क्रमांक देताना प्रत्येक नवा क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो, किंवा लांबी वाढवावी लागते. याच कारणाने १२८ बिटांच्या हॅश फलनाचे (कोणत्याही मजकुरापासून ठरावीक लांबीची संख्या काढणाऱ्या फलनाचे) टकरींपासूनचे संरक्षण फार तर ६४ बिटांइतके असते, म्हणजे सुमारे २^६४ प्रयत्नांत टक्कर सापडू शकते.