‘डमी’मधली खरखर: एका वादाची पार्श्वभूमी

पोर्टिसहेड या इंग्लिश बँडचा ‘डमी’ हा अल्बम ऐकणारे सांगली-मिरजेत असून असून किती असणार? पण जे आहेत त्यांचं आपसात पटत नाही. काहींच्या मते असा अल्बम पुन्हा झाला नाही. काहींची तक्रार ठरलेली: सगळी गाणी एकाच संथ लयीत, गाणाऱ्या बाई कायम रडवेल्या, आणि वर ती जुन्या तबकडीची खरखर. १९९४ साली चांगली यंत्रं असताना हे असं कशाला? उरलेल्यांना तो रात्री पेठ नाक्याकडे जाताना गाडीत लावायला बरा वाटतो. खरी जुंपते ती खरखरीवरून. तिचं मूळ ब्रिस्टलला आहे.

इंग्लंडमधल्या या बंदराच्या गावात दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून माणसं येऊन राहिली आणि सोबत भल्यामोठ्या स्पीकरांवर रेगे वाजवायची रीतही आली. १९८०च्या दशकात ‘वाइल्ड बंच’ नावाची मंडळी एकाच रात्रीत रेगे, सोल आणि हिप-हॉप मिसळून वाजवायची. त्यांच्यातूनच ‘मॅसिव्ह अटॅक’ निघाला आणि १९९१ मध्ये त्यांचा ‘ब्लू लाइन्स’ आला. त्याचं काम चालू असताना कोच हाउस स्टुडिओत टेप लावण्या-काढण्याच्या कामाला एक पोरगा होता, जेफ बॅरो. तो शेजारच्या पोर्टिसहेड गावचा. त्याच वर्षी, बेकारांना स्वतःचा धंदा काढून देण्याच्या सरकारी योजनेच्या वर्गात त्याची पबमध्ये गाणाऱ्या बेथ गिबन्सशी ओळख झाली. पुढे एड्रियन अटली हा जॅझ गिटारवादक येऊन मिळाला. ऑगस्ट १९९४ मध्ये ‘डमी’ आला. हिप-हॉपमधून निघालेल्या अशा संथ संगीताला लावतात तो ‘ट्रिप-हॉप’ हा शब्द त्याच्या दोनच महिने आधी ‘मिक्समॅग’ मासिकात छापून आला होता. बॅरोला तो कधीच रुचला नाही.

हिप-हॉपवाले जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून तोच फिरवत राहतात. ‘डमी’तही असे तुकडे आहेत: ‘सावर टाइम्स’मध्ये लालो शिफ्रिनचा, ‘ग्लोरी बॉक्स’मध्ये आयझॅक हेजचा. (हेजचा तोच तुकडा ब्रिस्टलच्याच ट्रिकी या गायकानेही वापरला, त्यामुळे कुणी कुणाचं उचललं हा आणखी एक न संपणारा वाद.) पण बऱ्याच ठिकाणी या मंडळींनी उलटंच केलं. आधी स्वतःच वाजवून टेप केलं, त्याची तबकडी कापून घेतली आणि मग ती टर्नटेबलवर घालून तिच्यातले तुकडे घेतले. तबकड्या जुन्या वाटाव्यात म्हणून त्या जमिनीवर टाकून त्यांच्यावरून चालत, असंही सांगतात. म्हणजे खरखर राहून गेलेली नाही, मेहनतीने आणलेली आहे.

आपल्याकडच्या कानाला हे खटकतं, त्याला कारण आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी आपल्यापर्यंत आली ती जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीतून, खरखरीसकट. ती खरखर काळाने केलेली हानी. ती वगळून मागचा सूर ऐकायचा, हे इथे न शिकवता येतं. साहजिकच तोच कान ‘डमी’लाही लावला जातो.

माझ्या मते तुलना करायची तर तबकडीशी नको, मिरजेत वाद्यं बनतात त्या सतारमेकर गल्लीत करावी. तिथे कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसीने जरा जरा घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, पुन्हा छेडून बघतो. जवारी खुलली की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. ती गुंजच नसेल तर गवई तो तंबोरा हातात घेणार नाही. ‘डमी’तली खरखर या जातीची आहे. तिच्यावर बेथचा बारीक आवाज टेकतो. ती काढली तर तो उघडा पडेल.

लयीबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे. मधली काही गाणी एकात एक मिसळतात. १९९५ मध्ये ब्रिटनमधला मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळाल्यावर तिकडे हा अल्बम पार जेवणावळीत मागे लावायला निघाला, त्यात या संथपणाचाही हात असणार. बेथ सहसा मुलाखती देत नाहीत, त्यामुळे त्या रडवेपणाचा खुलासा जो तो आपल्या परीने करतो.

२००८च्या ‘थर्ड’ या अल्बममध्ये बँडने टर्नटेबलची घासाघीस सोडून दिली. तो ऐकून आमच्यातले तक्रारवाले म्हणाले, आधीचंच बरं होतं.